इंदूरच्या आयटीतल्या स्त्रियांवर प्रबंध करायचाय. ऑनलाइन प्रश्नावली पुरेल का?

नाही, आधी दहा-बारा जणींशी निवांत बोला, आणि त्यात नोकरी सोडलेल्या हव्यातच. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या वेबसाइटच्या २०२२ च्या जागतिक ऑनलाइन सर्वेक्षणात स्त्रिया जेमतेम ५ टक्के होत्या, भारतीय आयटीत त्या सुमारे एक तृतीयांश आहेत. प्रश्नावली कुठे फिरली यावरच आकडा ठरतो. मी इथे मुलाखती घेतल्यात. नोकरी का सोडली, या रकान्यात 'घरगुती कारण' एवढंच येतं. समोर चहा घेताना रात्री अकराचा क्लायंट कॉल आणि घरी परतायला गाडी नसणं, हे सगळं निघतं. मात्र 'क्रिस्टल आयटी पार्कमधल्या टीममधली एकमेव मराठी टेस्टर' असं लिहिलंत, तर नाव न देताही ती ओळखली जाईल. असे तपशील गाळाच.