टीएसएच नॉर्मल आलाय? आधी केसांच्या गोळीचं पाकीट बघा

ताई, तुम्ही लिहिलंय: दोन वर्षं थकवा, आठ किलो वजन वाढलं, बद्धकोष्ठता, पाळीला जास्त रक्तस्राव, मे महिन्यातही पायांत मोजे. आणि टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन; थायरॉइड मंदावलं की हा वाढतो) १.९, म्हणजे नॉर्मल आला म्हणून तुम्हाला सांगितलं, ‘टेन्शन घेऊ नका’! थायरॉइड कुठे असतं, काय करतं ते तुम्ही वाचलेलंच असेल, ते सोडून देते. तुमच्या औषधांच्या यादीत अगदी शेवटी लिहिलंय, ‘केसांसाठी बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) १० मिलिग्रॅम, रोज’. माझा सगळा संशय त्या ओळीवर आहे.

बऱ्याच लॅबमधल्या मशीनवर ही चाचणी बायोटिन आणि त्याला घट्ट धरणारं स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं प्रथिन एकमेकांना चिकटण्यावर चालते. रक्तात गोळीतलं बायोटिन भरपूर असलं की ते आधीच जागा अडवून बसतं. मग टीएसएच खोटा कमी येऊ शकतो आणि फ्री टी४ (थायरॉइड स्वतः बनवतं ते हार्मोन) खोटा जास्त. शरीराला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं. तुमच्या गोळीत त्याच्या तीनशे पटींहून जास्त आहे. थायरॉइड कमी म्हणून केस गळतात, केस गळतात म्हणून गोळी, आणि त्या गोळीमुळे थायरॉइड रिपोर्टमध्ये दिसत नाही, असा हा घोळ. तुमचा फ्री टी४ वरच्या टोकाला आहे. थंडी वाजणाऱ्या, बद्धकोष्ठता असलेल्या बाईचा टी४ वरच्या टोकाला? इथेच कुणीतरी थांबायला हवं होतं.

आमच्याकडे यात आठ महिने गेले. रक्त घ्यायला आलेल्या माणसाने उपाशी आहात का एवढंच विचारलं. लॅबला फोन केला तर ‘रिपोर्ट व्हॅलिडेटेड आहे’, दुसऱ्यांदा केला तर तेच. औषधं कोणती चालू आहेत हा रकाना फॉर्मवर होता, तो कोरा ठेवूनच पुढे गेला. ७० चाचण्यांचं पॅकेज विकायला वेळ असतो, एक प्रश्न विचारायला नसतो. असो.

बायोटिन किमान दोन दिवस बंद ठेवा. एवढा मोठा डोस असेल तर मी चार-पाच दिवस म्हणेन, आणि किडनीचा त्रास असेल तर किती ते डॉक्टरांना विचारा. ‘हेअर-स्किन-नेल्स’वाल्या मल्टिव्हिटॅमिनमध्येही ते असतं, पाकिटाची मागची बाजू वाचा. मग सकाळी रक्त द्या, कारण टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो. टीएसएचबरोबर फ्री टी४ आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडवर उलटलेल्या अँटिबॉडीज शोधणारी चाचणी) मागा. ताप किंवा मोठं आजारपण नुकतंच होऊन गेलं असेल तर काही आठवडे थांबा, तेव्हाचे आकडे फसवे असतात.

जुनी फाइलही काढा. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) अचानक वाढलेलं, सीपीके (स्नायूंमधलं एन्झाइम) जास्त, सोडियम थोडं कमी असं काही दिसलं तर रिपोर्ट डॉक्टरांसमोर ठेवा. हे थायरॉइडचेच ठसे असतील असं नाही, पण असू शकतात.

फ्री टी४ कमी आणि टीएसएच मात्र नॉर्मल असं आलं तर तो वेगळा विषय: पिट्युटरी, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली, टीएसएच बनवणारी ग्रंथी. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला असेल तर तो नक्की सांगा. अशा वेळी सकाळचं कॉर्टिसॉल (ताण झेलायला लागणारं हार्मोन) आधी तपासतात. ते कमी असताना थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) आधी सुरू केलं तर जिवावर बेतू शकतं. त्यामुळे शेजारणीच्या बाटलीतली गोळी खाऊन बघू नका. मी डॉक्टर नाही, आणि तुमचं निदान इथून करतही नाहीये. नुसता रक्तक्षय (ॲनिमिया) किंवा लोह कमी असणंही असू शकतं, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) करून घ्या.

थायरॉक्सिनची गोळी सुरू झालीच तर उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि चहा अर्धा-पाऊण तासाने. लोह, कॅल्शियम चार तासांनी. पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. पंधरा दिवसांत आकडा हलला नाही म्हणून डोस वाढवायला जाऊ नका. कोबी-फ्लॉवर शिजवून खायला हरकत नाही, त्यावर उगाच गदारोळ आहे.

अजून एक, थायरॉइडशी संबंध नाही पण सांगून ठेवते. छातीत दुखून इमर्जन्सीत जायची वेळ आली तर बायोटिन घेताय हे पहिल्यांदा सांगा. हार्ट अटॅकसाठीची ट्रोपोनिन चाचणीही काही मशीनवर याच कारणाने खोटी कमी येऊ शकते.