विज्ञानकथांमधलं टेलिपोर्टेशन कधी प्रत्यक्षात शक्य होईल का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. 'शास्त्रज्ञांनी टेलिपोर्टेशन करून दाखवलं' अशा बातम्या येतात, मग माणूस इथून नाहीसा होऊन तिथे उगवायला कितीसा वेळ उरला? आणि हा प्रवास प्रकाशापेक्षा जलद होईल का?

पहिल्याचं उत्तर: माणूस कधीच नाही. 'कधीच' हा शब्द भौतिकशास्त्राच्या मास्तरने जपून वापरावा हे कळतं, तरी वापरतोय. बातम्या मात्र खोट्या नाहीत. त्यात जे पाठवलेलं असतं ते आपण समजतो त्याहून फार वेगळं असतं, एवढंच.

मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला शिकवलं. बारावीत फोटॉनचा, म्हणजे प्रकाशाच्या कणाचा, धडा संपला की मागच्या बाकावरून कुणी ना कुणी हा प्रश्न टाकायचंच. तेव्हा आधी या कल्पनेचा जन्मदाखला सांगायचो. 'टेलिपोर्टेशन' हा शब्द चार्ल्स फोर्ट या अमेरिकन लेखकाने 1931 साली वापरात आणला. आकाशातून बेडूक पडले वगैरे चमत्कारिक बातम्या गोळा करणारा हा गृहस्थ. पुढे 1966 मध्ये 'स्टार ट्रेक' मालिकेने ती कल्पना घरोघरी पोहोचवली, आणि त्यामागे विज्ञान कमी, काटकसर जास्त होती: दर भागात अवकाशयान ग्रहावर उतरवून दाखवणं परवडत नव्हतं, म्हणून माणसंच विरघळवून खाली पाठवायची!

आता, शरीराचंच ऊर्जेत रूपांतर करून पाठवू म्हटलं तर 70 किलोच्या माणसातून निघणारी ऊर्जा हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बच्या साधारण एक लाख पट भरते. तो मार्ग इथेच सोडू.

दुसरा मार्ग फॅक्ससारखा. प्रत्येक कणाची सगळी माहिती टिपायची, पाठवायची आणि तिकडे त्याबरहुकूम माणूस जुळवायचा. इथे हायझेनबर्ग या शास्त्रज्ञाचा अनिश्चिततेचा नियम आडवा येतो. एकाच कणाची अज्ञात अवस्था मोजून पूर्ण कळत नाही, मोजायला गेलात की ती बदलते. शिवाय अशा अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे 1982 मध्ये गणिताने सिद्धच झालं. त्यामुळे 'टेलिपोर्टेशन अशक्य' म्हणून विषय मिटल्यासारखा होता.

आणि मग 1993 मध्ये चार्ल्स बेनेट आणि त्यांच्या पाच सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यातली युक्ती मला आजही थक्क करते: अवस्था जाणून घेण्याच्या फंदातच पडायचं नाही, न वाचताच ती पाठवायची. बंद पाकीट न फोडता पुढे करावं तसं.

अवस्था म्हणजे काय ते हातात घेऊन बघायचं असेल तर पोलराइज्ड गॉगल घालून साध्या कॅल्क्युलेटरच्या पडद्याकडे बघा आणि कॅल्क्युलेटर हळूहळू फिरवा. एका कोनात आकडे स्वच्छ दिसतील, आणखी काटकोनात फिरवला की अख्खा पडदा काळाठिक्कर. पडद्यातून येणाऱ्या प्रकाशाच्या कंपनांची दिशा ठरलेली असते आणि गॉगल एकाच दिशेला वाट देतो. या दिशेला ध्रुवण म्हणतात. एकेका फोटॉनला ते असतं, आणि प्रयोगशाळेत सगळ्यात आधी टेलिपोर्ट झालं ते हेच.

युक्ती अशी. माझ्याकडे एक फोटॉन आहे, त्याचं ध्रुवण मला ठाऊक नाही. ते तुमच्याकडे पोहोचवायचंय. आधी आपण फोटॉनांची एक गुंतलेली जोडी (म्हणजे कितीही दूर नेले तरी ज्यांच्या मापनांची उत्तरं एकमेकांशी जुळतात असे दोन फोटॉन) वाटून घेतो, एक माझ्याकडे, एक तुमच्याकडे. आता मी माझे दोन्ही फोटॉन एकत्र मोजतो, पण एकेकट्याचं ध्रुवण विचारत नाही; दोघांचं एकमेकांशी नातं काय एवढंच विचारतो. उत्तर चारपैकी एक येतं. ते मी तुम्हाला फोन करून कळवतो. त्यानुसार तुम्ही तुमच्या फोटॉनवर चारपैकी एक ठरलेली क्रिया करता (एका उत्तराला तर काहीच करावं लागत नाही) आणि तुमचा फोटॉन माझ्या मूळ फोटॉनच्या अवस्थेत येतो. माझ्याकडची मूळ अवस्था त्याच मापनात पुसली गेलेली असते. म्हणजे प्रत निघत नाही आणि 1982 चा नियमही मोडत नाही.

यात पदार्थाचा एक कणही इकडून तिकडे गेला नाही. तुमचा फोटॉन तुमच्याकडेच होता, त्याच्या अंगात फक्त माझ्याकडची अवस्था आली. वर्गात हे सांगताना मला परकायाप्रवेशाची गोष्ट हमखास आठवायची. शंकराचार्य अमरूक राजाच्या मृतदेहात शिरले त्याआधी तिथे राजाचा देह पडलेला होताच ना, तसंच इथे. फरक एवढाच की आचार्यांचा देह शिष्यांनी सांभाळून ठेवला होता आणि ते परत आले; इथे मागे काही सांभाळण्याजोगं उरत नाही. गंमत म्हणजे त्या सहा लेखकांपैकी आशर पेरेस यांना एका पत्रकाराने विचारलं होतं, शरीराबरोबर आत्माही टेलिपोर्ट करता येईल का? ते म्हणाले, फक्त आत्माच.

1997 मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला अँटोन झाइलिंगर यांच्या गटाने फोटॉनच्या ध्रुवणावर हे प्रत्यक्ष केलं. त्यांच्या मांडणीत चारपैकी एकच उत्तर ओळखता यायचं, म्हणजे तीन चतुर्थांश खेपा वाया. 2012 पर्यंत कॅनरी बेटांमध्ये ला पाल्मा ते तेनेरीफे हे 143 किलोमीटर अंतर गाठलं गेलं. 2017 मध्ये चीनने तिबेटमधल्या न्गारीच्या केंद्रातून 'मिशियस' उपग्रहापर्यंत, 1,400 किलोमीटरपर्यंत, फोटॉनची अवस्था पोहोचवल्याचं जाहीर केलं. महिनाभर कोट्यवधी फोटॉन सोडून यशस्वी नोंदी मिळाल्या 911.

फोटॉन तरी हलका आणि एकलकोंडा, वाटेत कुणात मिसळत नाही. अणूंचं तसं नाही. 2009 मध्ये अमेरिकेत एकमेकांपासून सुमारे एक मीटरवर ठेवलेल्या यटर्बियम या धातूच्या दोन आयनांमध्ये, म्हणजे विद्युतभारित अणूंमध्ये, हे झालं. निर्वात पोकळीत, लेझरने थंड करून अडकवलेला एकेक आयन. प्रयत्न अखंड चालू, आणि यश साधारण दहा-बारा मिनिटांतून एकदा. तेही आयनाच्या एकाच गुणधर्मापुरतं आणि 90 टक्के अचूक. आयनाला 90 टक्के चालतं. तुमचं मात्र 90 टक्के शरीर पोहोचलं तर कोणते 10 टक्के राहिले हा प्रश्न घरचे विचारणारच.

आता आकडे घ्या. माणसात अणू किती? 7 वर 27 शून्यं, साधारण. समजा प्रत्येक अणूचा एकच दोन-पर्यायी गुणधर्म पाठवायचा, तर प्रत्येकामागे फोनवरून दोन बिट सांगावे लागतात. सेकंदाला एक लाख कोटी बिट, म्हणजे एक टेराबिट पाठवणारी लाइन घेतली तरी हा निरोप पोहोचायला सुमारे 44 कोटी वर्षं लागतील. डायनासोर पृथ्वीवर अवतरले त्याला साधारण 23 कोटी वर्षं झालीत. आणि खऱ्या अणूचं एका गुणधर्माने काय होतंय.

वेगवान लाइन येईल, असं कुणी म्हणेल. येऊ दे. मला खरी भीती शरीराची वाटते. गुंतलेली जोडी टिकवायची तर तिला जगाचा स्पर्श होता कामा नये. हवेचा एक रेणू आपटला तरी ती मोडते. आणि आपण 37 अंशांवर उकडणारे, ओले, श्वास घेणारे, प्रत्येक क्षणी आजूबाजूला उष्णता फेकणारे. तिकडच्या टोकाला माणसाला पुरतील एवढे अणू, सगळेच्या सगळे इकडच्या जोडीदारांशी गुंतलेले, निरोप येईपर्यंत अस्पर्श धरून ठेवायचे. कागदावर हे मना करणारा नियम मला दाखवता येणार नाही. पण मातीच्या मडक्यात वीज साठवायला मना करणारा नियम तरी कुठे आहे?

माणूस 'माणूस' राहायला एवढी सूक्ष्म अवस्था लागतच नाही, ढोबळ रचना पुरेल, असाही एक मुद्दा निघतो. खरंही असेल. पण ढोबळ माहितीची प्रत निघते, मूळ माणूस इथेच उभा राहतो. मग यंत्रवाल्याला त्याचं काहीतरी करावं लागेल. त्या यंत्रात मी पाऊल ठेवणार नाही.

टेलिपोर्टेशनचा खरा उपयोग क्वांटम संगणक (कणांच्या अशा अवस्था वापरून गणित करणारी यंत्रं) एकमेकांना जोडण्यात आहे. 2025 मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने दोन मीटर अंतरावरच्या दोन छोट्या क्वांटम प्रोसेसरमध्ये याच तंत्राने एक गणिती क्रिया घडवली आणि दोघे मिळून एका यंत्रासारखे चालवले. दिसायला साधं, पण मला हे उपग्रहाच्या विक्रमापेक्षा महत्त्वाचं वाटतं, कारण प्रचंड एक यंत्र बांधण्याऐवजी छोटी यंत्रं जोडत नेता येतील.

राहिला प्रकाशाच्या वेगाचा प्रश्न. नाही, आणि त्याचं कारण मघाचा तो फोन. मी मापन केलं त्या क्षणी तुमच्या फोटॉनकडे काही आलं असेलही, पण चारपैकी कोणतं उत्तर आलं हे कळेपर्यंत तो तुम्हाला नुसता वेडावाकडा, कसाही दिसतो. त्यातून एक अक्षरही वाचता येत नाही. आणि निरोप जाणार रेडिओने किंवा प्रकाशाने. न्गारीहून 1,400 किलोमीटरवरच्या उपग्रहाला सुमारे 5 मिलिसेकंद. तेवढं थांबावंच लागतं.