क्लिंगॉनमध्ये ‘ज्याने मारलं तो’ आणि ‘ज्याला मारलं तो’ वेगळे कसे ओळखायचे?

क्लिंगॉन म्हणजे ‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथांमधल्या क्लिंगॉन लोकांसाठी रचलेली भाषा. तिच्यातलं तुमचं वाक्य आहे ‘पुक़ क़िप्पुबोग़ याष व्हिलेग़’, आणि प्रश्न असा की मला दिसतोय तो कोण: मुलाला मारणारा अधिकारी, की त्याच्या हातचा मार खाल्लेलं मूल? तुमचं काहीच चुकलेलं नाही. या वाक्याचे खरोखरच दोन्ही अर्थ होतात. मीही इथेच दोन संध्याकाळी अडून बसलो होतो.

आधी शब्द सुटे करू. क्लिंगॉनमध्ये कर्म आधी, मग क्रियापद, कर्ता शेवटी. पुक़ म्हणजे मूल, क़िप म्हणजे मारणं, याष म्हणजे अधिकारी. (यातला ‘ष’ जीभ वळवून म्हणायचा, अगदी पोटफोड्या ष.) ‘पु’ क्रिया पूर्ण झाल्याचं सांगतो, ‘बोग़’ आपल्या ‘जो–तो’चं काम करतो. व्हिलेग़ म्हणजे ‘मी त्याला पाहतो’. यातला ‘व्हि’ मुलासाठीही तोच, अधिकाऱ्यासाठीही तोच. त्यामुळे तिथूनही सुगावा लागत नाही.

आपण ‘मुलाला मारलेला अधिकारी’ म्हणतो किंवा ‘अधिकाऱ्याने मारलेलं मूल’. ज्याच्याबद्दल बोलायचं ते नाम शेवटी जातं, शिवाय ‘ला’ आणि ‘ने’ मदतीला असतात. क्लिंगॉनमध्ये नाम जागचं हलत नाही आणि कर्त्या-कर्माला विभक्तीही लागत नाही. एकच नाम असेल तर जागेवरून कळतं: ‘क़िप्पुबोग़ याष’ म्हणजे मारणारा, ‘याष क़िप्पुबोग़’ म्हणजे मार खाल्लेला. दोन्ही नामं आली की गाठ बसते.

ती सोडवतो ‘ए’ हा प्रत्यय. ही भाषा रचणाऱ्या मार्क ओक्रँड यांच्या 1985च्या क्लिंगॉन शब्दकोशात तो जोर देण्यासाठी येतो, साधारण आपल्या ‘च’सारखा. पुढे जो–तोच्या वाक्यातलं मुख्य नाम दाखवायलाही तो रूढ झाला. ‘पुक़ए क़िप्पुबोग़ याष व्हिलेग़’ म्हटलं की दिसलं ते मूल. ‘ए’ याषला लावा, की दिसला तो अधिकारी.

एक मात्र सांभाळा. ‘ए’ आणि स्थळ दाखवणारा ‘डाक़’ हे प्रत्यय एकाच गटातले आहेत, आणि एका नामाला त्या गटातला एकच लागतो. म्हणून ‘ज्या जहाजातून मी पळालो ते जहाज तू पाहिलंस’ असलं काही म्हणायचं असेल तर ‘बोग़’शी झटापट करू नका. ‘मी जहाजातून पळालो. ते जहाज तू पाहिलंस.’ अशी सरळ दोन वाक्यं करा.