पहिली ग्रहीय अभ्रिका बघताना

भावा, सहा इंची दुर्बीण घेतलीस, झकास! सुरुवात स्वरमंडल तारकासमूहातल्या एम ५७ पासून कर, ही एक ग्रहीय अभ्रिका, म्हणजे ताऱ्याने सोडलेला वायूचा ढग. दिवाळीच्या आधीचा आठवडा धर. तेव्हा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो, आणि अंधार पडताच स्वरमंडलातला ठळक तारा अभिजित वायव्येला चांगला वर असतो. शहरातून नको, पन्हाळ्याजवळचं मसाई पठार गाठ.

आधी डोक्यातून एक काढून टाक. 'ग्रहीय' असली तरी तिचा ग्रहांशी संबंध नाही. विल्यम हर्शेलला दुर्बिणीत अशा अभ्रिका ग्रहाच्या चकतीसारख्या दिसल्या, म्हणून ते नाव पडलं. आणि हा स्फोटही नव्हे. सूर्यासारखा तारा म्हातारपणी फुगतो, धडधडत बाहेरचे वायूचे थर हळूहळू सोडून देतो. मग उघडा पडलेला तापलेला गाभा अतिनील किरणांनी तो वायू उजळवतो. हे कवच दहा-वीस हजार वर्षांत विरतं, मागे श्वेत बटू, म्हणजे तो लहानसा दाट गाभा उरतो. आपल्या सूर्याचंही साधारण पाच अब्ज वर्षांनी असंच व्हायचंय.

नवीन पोरं इथे चुकतात:

- फोटोतले रंग शोधतात. तुला राखाडी, धुरकट कडं दिसेल.
- पोचल्या पोचल्या बघतात. अर्धा तास डोळे अंधारात ठेव, मोबाईल खिशात.
- आधीच जास्त वर्धन लावतात. कमी वर्धनात अभिजितखालच्या चौकोनाच्या तळाचे दोन तारे धर, त्यांच्या मधे बघ. पुसटसा तारा वाटला की शंभरपट कर.

थेट रोखून बघू नकोस, नजर जरा बाजूला ठेव. कडं उमटेल. तो प्रकाश सुमारे अडीच हजार वर्षं चालत आलाय, भावा, घाई करू नकोस. फिल्टरचं नंतर बघू.