रविवारी कुठेही जाऊ नकोस

प्रश्न : मी बर्लिनमध्ये मास्टर्स करते आहे. वर्ष झालं. ब्रांडेनबुर्ग गेट, म्युझियम आयलंड, भिंतीचे अवशेष, सगळं बघून झालं, फोटोही आहेत. पण कुणी विचारलं तर चार वाक्यं धड सांगता येत नाहीत. मला फक्त रविवार मोकळा मिळतो. इथला इतिहास समजून घ्यायला सुरुवात कुठून करू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : मी याच शहरात शिकले, आणि पहिले कित्येक महिने मीही यादीवर खुणाच करत होते. मग एका सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकले, तर फूटपाथमध्ये बसवलेला पितळी चौकोन दिसला. तळहाताएवढा. त्यावर 'हिअर व्होन्टे', म्हणजे 'इथे राहत होत्या'. खाली एका बाईंचं नाव, जन्मवर्ष, त्यांना नेल्याची तारीख आणि शेवटी आउशवित्झ, म्हणजे नाझींची मृत्युछावणी. त्या दारावरून मी रोज जात होते!

याला 'श्टोल्परश्टाइन' म्हणतात, ठेच लागणारा दगड. नाझींनी ज्यांचा छळ केला, ज्यांना मारलं, त्यांच्या घरांसमोर गुंटर डेम्निग या कलाकाराने १९९२ पासून हे दगड बसवायला घेतले. युरोपभर आता ते लाखावर गेलेत.

म्हणून येत्या रविवारी लांब कुठेही जाऊ नकोस. राहतेस तिथल्याच दोन-चार गल्ल्या खाली बघत फीर. एक दगड निवड, मजकूर वहीत उतरव, अडलेला शब्द शोध. मग ते नाव शोध. बर्लिनमधल्या या दगडांची नोंद ऑनलाइन आहे आणि पुष्कळांची चरित्रंही वाचायला मिळतात.

९ नोव्हेंबरला मात्र नक्की बाहेर पड. १९३८ मध्ये त्या रात्री ज्यूंची सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळं, जाळली गेली, आणि १९८९ मध्ये त्याच तारखेला भिंत उघडली. त्या दिवशी लोक दगड घासून लख्ख करतात, शेजारी मेणबत्ती लावतात. शेजारच्या आजींनी माझ्या हातात फडकं दिलं होतं. माझं जर्मन तेव्हा यथातथाच होतं, पण त्या घासताना नाव मोठ्याने वाचत होत्या, म्हणून मीही वाचलं.

भिंत पुन्हा बघायची तर बेर्नाउअर श्ट्रासेला जा. स्मारकाला तिकीट नाही. तिथे काही इमारती पूर्व बर्लिनमध्ये आणि दारापुढचा फूटपाथ पश्चिम बर्लिनमध्ये, अशी स्थिती होती; ऑगस्ट १९६१ मध्ये भिंत उभी राहू लागली तेव्हा लोकांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. सीमेच्या मधल्या पट्ट्यात अडकलेलं चर्च १९८५ मध्ये सुरुंगाने पाडलं. त्याचेच तुकडे मातीत मिसळून त्या जागी छोटं चॅपल उभं केलंय. चॅपलच्या भिंतीवर हात फिरव, मातीतले ते तुकडे नीट दिसतात. बाहेर राईचं शेत आहे. मोहरी नव्हे, राय नावाचं धान्य.

म्युझियमला जाशील तेव्हा एका खेपेला एकच दालन बघ.

आणि तुला सापडलेल्या दगडावर कुणाचं नाव आहे, ते मला जरूर कळव.