चालीवर शब्द बसवताना

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कवितांची वही वाचली. कविता चांगल्या आहेत, पण तेवढ्यावर सिनेमाची गाणी मिळवायला मुंबईत वर्सोव्यातल्या स्टुडिओंच्या पायऱ्या झिजवू नकोस. सिनेमात बहुतेक वेळा चाल आधी येते. संगीतकार डमी, म्हणजे नुसते जागा भरणारे शब्द गाऊन पाठवतो, प्रसंग दोन वाक्यांत सांगतो आणि मुखडा, म्हणजे गाण्याच्या सुरुवातीच्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळी, उद्या सकाळी मागतो.

लगेच लिहायला बसू नकोस. चाल दहा-वीसदा ऐक, टाळी देऊन सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते ते पाहा. केरवा ताल असेल तर आठ मात्रांचं आवर्तन (तालाचा एक फेरा), दादरा असेल तर सहा. कुठला स्वर लांबतो, गायक श्वास कुठे घेईल, याच्या खुणा कर. समजा ओळीचा शेवटचा स्वर चार मात्रा लांबतोय आणि तू लिहिलंस ‘तुझी वाट पाहत’. त्या ‘त’वर गायकाला थांबता येत नाही, ओढला की शब्द वाकडा होतो. ‘तुझी वाट पाहता’ केलंस की शेवटचा ‘आ’ मोकळा सुटतो. वरच्या सुरांवर जोडाक्षरं शक्यतो नकोत. आणि ‘नकोस’मधल्या ‘न’नंतर श्वास आला, तर ऐकणाऱ्याला नुसतं ‘कोस’ ऐकू येतं. मग ओळ कितीही सुंदर असो, ती गेलीच. म्हणून लिहिलेलं स्वतः चालीवर गाऊन बघ. सूर चुकला तरी चालेल. जीभ अडखळेल तिथला शब्द बदल.

मुखड्याचे तीन-चार पर्याय दे, पण कल्पना वेगवेगळ्या हव्यात. एकच कल्पना चार प्रकारे मांडलीस तर संगीतकाराच्या हाती एकच मुखडा पडतो. अंतऱ्यांची, म्हणजे मुखड्यानंतरच्या कडव्यांची, घाई नको. मुखडा पास होईपर्यंत ते बदलतच राहतात.

नोकरी इतक्यात सोडू नकोस. हिंदीतले गीतकार शैलेंद्र माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये कामाला होते, मराठीतले गीतकार जगदीश खेबुडकर शिक्षक होते. अंधेरीचं भाडं थकलं की माणूस समोर येईल त्या कागदावर सही करतो आणि पुढे पस्तावतो.

करार मात्र पूर्ण वाच. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर सिनेमाच्या गाण्यातला तुझा रॉयल्टीचा (गाणं वापरल्याबद्दल मिळणाऱ्या मानधनाचा) हक्क कुणी लिहून घेतला तरी जात नाही. थिएटरात सिनेमाबरोबर गाणं वाजलं तर त्याची रॉयल्टी नाही. रेडिओ, टीव्ही, स्ट्रीमिंग, समारंभ यांतला वाटा तुझा. तो आपोआप घरी येत नाही. आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घे आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदव. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा हक्कांचं हस्तांतरण पाच वर्षांचंच धरतो, म्हणून ‘कायमस्वरूपी’ हा शब्द दिसला की तिथेच थांब आणि विचार. किती वेळा बदल करून द्यायचे आणि पैसे कधी मिळणार, हेही कागदावर हवं.

स्वतंत्र लिहिलेली गाणी कुणालाही पाठवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशन या सिनेलेखक-गीतकारांच्या संघटनेकडे नोंदव. नावाचं इंग्रजी स्पेलिंग पॅन कार्डावर, करारात आणि श्रेयनामावलीत एकच ठेव. एका अक्षराच्या फरकानेही रॉयल्टी अडकून पडते.