नारळाच्या बागेत गाईंसाठी गवत लावावं की मोकळ्या जागेतच? झाडाखाली उत्पन्न किती घटतं?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: 20 गुंठे नारळ, त्याला लागून 10 गुंठे मोकळी जमीन, वरच्या अंगाला हापूसची थोडी कलमं, विहिरीचं पाणी आणि गोठ्यात तीन संकरित गाई. व्हिडिओ बघून सगळीकडे नेपियर (उसासारखं उंच वाढणारं चाऱ्याचं गवत) लावायचा बेत आहे.

जरा थांबा. मी गुहागरकडचा. खाली आगर, म्हणजे माडांची बाग, वर कातळाच्या कडेला कलमं. तुम्ही जे करायला निघालाय ते मी करून बसलोय आणि त्यातलं निम्मं फसलंय. माझं उत्तर: मोकळ्या 10 गुंठ्यांत नेपियर, माडांखाली गिनी गवत, कलमांखाली काहीही लावू नका.

पण आधी एक सांगा, माड किती वर्षांचे आहेत? हे तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि सगळं त्यावरच ठरतं. लावल्यापासून साधारण 8 वर्षं माड लहान असतो, बागेत ऊन भरपूर येतं. 8 ते 25 वर्षांत झापांचं छप्पर इतकं दाट होतं की जमिनीपर्यंत जेमतेम पाचवा हिस्सा ऊन पोचतं. त्यानंतर माड उंच जातात, ऊन तिरपं आत शिरायला लागतं आणि वर्षागणिक वाढतं. म्हणजे आजोबांनी लावलेल्या आगरात गवत उत्तम येईल आणि तुम्ही स्वतः पंधरा वर्षांपूर्वी लावलेल्यात येणार नाही. मी नेमकं उलट केलं. माझ्या तरण्या बागेत को-4 नेपियरचे ठोंब लावले. पहिल्या पावसात बरे दिसले, नंतर उन्हाच्या शोधात काटक्यांसारखे उंच झाले, लोळले, आणि दुसऱ्या पावसाळ्यात अर्धे ठोंब कुजून गेले. शेजारचे काका रोज कुंपणावरून विचारायचे, "ऊस लावलास काय रे?"

गिनीचं तसं नाही. हे गवत मूळ आफ्रिकेतलं, तिथे ते झाडांच्या कडेने, अर्ध्या सावलीत वाढतं, त्यामुळे विरळ सावली त्याला मानवते. सावलीत त्याचे फुटवे कमी येतात, पण पान लांब, रुंद, पातळ होतं, रंग काळपट हिरवा. गाई ते आवडीने खातात. प्रथिनांचं प्रमाणही उन्हातल्या गवतापेक्षा सहसा थोडं जास्तच असतं.

आता "किती घटतं" याबद्दल. पाणी आणि खत दोन्ही भरपूर दिलं तर ही उष्ण प्रदेशातली गवतं जवळपास उन्हाच्या हिशोबानेच वाढतात, ऊन निम्मं तर चाराही निम्म्याच्या आसपास. माझ्या जुन्या आगरात मोकळ्यातल्या दोन भाऱ्यांना तिथला एक भारा, असाच अनुभव आहे. शिवाय सावलीतल्या गवतात पाणी जास्त असतं. भारा डोक्यावर जड लागतो, पण कोरडा चारा त्यात कमी. तेव्हा नुसत्या हिरव्या वजनावर जाऊ नका.

मात्र खत न घालणाऱ्याचा हिशोब वेगळा निघतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये निलगिरीच्या लागवडीखालचं पास्पालम गवत उघड्या रानातल्यापेक्षा जास्त वाढलेलं तिथल्या संशोधकांना दिसलं; 1990 च्या सुमाराची गोष्ट. कारण सोपं आहे. सावलीत वरची माती गार आणि ओलसर राहते, पालापाचोळा लवकर कुजतो आणि त्यातलं नत्र गवताला मिळतं. उघड्यावरचं गवत ऊन असून नत्रावाचून पिवळं पडून बसतं. त्याला युरिया दिला की सावलीचा हा फायदा संपतो. आपल्या जांभ्या जमिनीत कुंपणाकडेच्या झाडाखालचं गवत डिसेंबरातही हिरवं आणि चार पावलांवरचं पांढरंफटक, हे तुम्हीही पाहिलं असेल.

जागेचा हिशोब असा. साडेसात मीटरवर लावलेले असतील तर 20 गुंठ्यांत 36 च्या आसपास माड बसतात. माडाची बहुतेक कामाची मुळं बुंध्यापासून 2 मीटरच्या आत असतात, तेवढं आळं मोकळं सोडायचं. तरी तीन चतुर्थांशाहून जास्त जमीन गवताला उरते. आळ्यात गवत घुसू दिलंत तर नारळ कमी होणार, आणि मग घरात कोणाचं ऐकून घ्यावं लागेल ते तुम्हाला माहीत. दुसरं म्हणजे कापून नेलेलं गवत जमिनीतून पालाश (पोटॅश) भरपूर उचलतं, आणि माड तर पालाशचाच भुकेला. माडाचं खत माडाला, गवताचं गवताला, वेगवेगळं द्या. गोठ्यातलं शेण-मूत परत बागेतच गेलं पाहिजे. फक्त शेणाचा उकिरडा आगरात करू नका, गेंड्या भुंग्याच्या अळ्या त्यातच वाढतात आणि भुंगे वर जाऊन माडाची सुई, म्हणजे शेंड्याचा न उमललेला कोंब, खातात. माझे दोन माड असे गेले. आता खड्डा दूर आहे, आणि त्यात मेटारायझियम ही अळ्या मारणारी हिरवी बुरशी टाकतो.

हापूसबद्दल जास्त लिहितो, कारण हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. पाऊस गेला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात जमीन सुकते, कलमाला ताण बसतो आणि मग मोहोर येतो. तेव्हाच तुम्ही खालच्या गवताला पाणी देत बसलात तर कलम पालवी काढेल आणि मोहोर राहील बाजूला. त्यात कल्टार (मोहोर यावा म्हणून देतात ते औषध) वापरत असाल तर ते पावसाळ्यात बुंध्याभोवतीच्या मातीतच ओतलेलं असतं, आणि मोहोर आल्यापासून फवारण्यांवर फवारण्या. त्या खालचं गवत गाईच्या पुढ्यात टाकायचं? मी टाकत नाही. कलमांखाली पावसात आपोआप येईल तेवढं येऊ द्या आणि पाऊस संपता संपता कापून वाळवून ठेवा. उभं वाळलेलं गवत फेब्रुवारी-मार्चपर्यंत राहिलं तर वणव्याला आमंत्रण आहे. एका ठिणगीत दहा-पंधरा वर्षांची कलमं होरपळतात.

मोकळ्या 10 गुंठ्यांत नेपियर 90 बाय 60 सेंटिमीटरवर लावा. पहिली कापणी दोन-सव्वादोन महिन्यांनी, पुढच्या दर 40-45 दिवसांनी, जमिनीपासून वीतभर सोडून. ही जागा पावसात तुंबणारी असेल तर नेपियर आणि गिनी दोन्ही कुजतील, तिथे पॅरा गवत घ्या. बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) आहेच ना? त्याचा पाला गाई पहिल्यांदा वासामुळे हुंगून सोडतात. रात्रभर सुकवून गवतात मिसळलात की हळूहळू खातात. सुबाभूळ असेल तर एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच ठेवा, त्यातल्या मिमोसिनने जनावराचे केस गळतात आणि गळ्याजवळ सूज येते. आणि नुसतं नेपियर कधीच नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं.

एक धोका सावलीतल्या गवताचा खास. युरिया दिल्यावर ढगाळ हवेत, त्यातून झाडाखाली, गवतात नायट्रेट साचतं आणि ते गाईला बाधतं. खत दिल्यावर दोन-तीन आठवडे तो पट्टा कापू नका, दुसऱ्या पट्ट्यातून कापा.

एवढी तडजोड करून माडाखाली गवत कशाला, असं तुम्ही विचाराल. तीन गाईंना रोज 60 ते 75 किलो हिरवं लागतं, आणि अडचण जुलैत कधीच येत नाही, येते एप्रिल-मेमध्ये. विहीर तळाला गेली की मोकळ्यातलं नेपियर पहिलं मान टाकतं. आगराला मात्र शिंपणं चालूच असतं, माडांसाठी ते करावंच लागतं, आणि त्याच ओलीवर गिनी तग धरतं. मागच्या मे महिन्यात माझ्याकडे पेंढ्यासोबत जी काही हिरवी काडी होती ती आगरातली. संकरित गाई त्या दिवसांत दुपारी धापा टाकतात, दूध उतरतं. त्यांनाही आगरातच बांधतो. फक्त नारळाच्या घडाखाली नाही आणि सुकलेल्या झापाखाली नाही, बांधायच्या आधी मान वर करून बघायचं.

गिनीचं बी आणू नका, उगवण फार कमी होते. मुळांसकट ठोंब घ्या आणि जूनमध्ये पाऊस जरा बसला की लावा. पहिल्या वर्षी अख्ख्या बागेत नको, जिथे दुपारी ऊन जमिनीवर पडतं अशा चार-पाच गुंठ्यांतच लावून बघा. माडांचं वय कळवलंत तर किती जागा धरायची ते नेमकं सांगता येईल.